गेरमध्ये उमटलेला रस्ता

काल दुपारी राजवाड्यामागच्या रस्त्यावर एक टँकर उभा होता आणि त्याच्यावर चढलेली दोन माणसं आकाशात पाणी उडवून बघत होती. नुसतं पाणी, रंग अजून घातलेला नव्हता. धार तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली, तिथल्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीवर आदळली आणि वरून एक बाई ओरडली, "अरे भिया, पंचमी अभी दूर है! मेरी चादर ने क्या बिगाड़ा?" खालच्या माणसाने हात जोडले. "टेस्टिंग है काकीजी, टेस्टिंग."

मी स्कूटी बाजूला घेऊन उभी राहिले आणि हसत सुटले. म्हणजे ऋतू आला तर.

इंदूरला फाल्गुन कॅलेंडर बघून येत नाही. बायपासच्या कडेचे पळस एका आठवड्यात पेटतात, सकाळच्या पोह्यांवर भुरभुरलेला जीरावन मसाला घशाला जरा जास्त लागायला लागतो, उसाच्या चरकांचे घुंगरू वाजतात आणि गल्लीगल्लीत कुणीतरी पोर गच्चीवर येरझाऱ्या घालत मोठ्याने पाठ करत असतं. रंग आणि परीक्षा आमच्याकडे हातात हात घालून येतात. माझी आई शाळेत शिकवायची, तेव्हा घरी तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांवर गुलाबी अंगठे उमटलेले असायचे. एका मुलाने भूगोलाच्या पेपरात नर्मदा काढली होती आणि तिच्यावरच हिरव्या रंगाचा ओघळ पडला होता. आईने त्याला पूर्ण गुण दिले. म्हणाली, नदीकाठी झाडी असतेच की.

होळीनंतर पाचव्या दिवशी, रंगपंचमीला, इथे गेर निघते. बाहेरगावच्या वाचकांना कसं सांगू? मिरवणूक म्हणावी तर मिरवणुकीला बघे असतात. गेरमध्ये बघे नसतात. सगळं शहर जुन्या रस्त्यांवर उतरतं, ट्रकवरची यंत्रं गुलाल छपरांच्याही वर फेकतात, टँकर रंगाचं पाणी उडवतात आणि त्या ढगाखालून चालताना शेजारचा माणूस कोण, काय, कुठल्या जातीचा, कुठल्या पगाराचा, काही म्हणजे काही दिसत नाही. माझ्यासारखीला हे दृश्य बघून भरून येणारच. मी पत्रकांच्या घरात वाढले आहे.

बाबा विम्याच्या कचेरीत कारकून आणि संघटनेचे कार्यकर्ते. घरात पुस्तकं बेताची होती, पत्रकं मात्र ढीगभर. जेवताना ताटाखाली पत्रक, वह्यांना कव्हर पत्रकाचं, चहाच्या डब्याखाली पत्रक. मी अक्षरओळख त्यांच्यावरच केली, त्यामुळे बाराखडीच्याही आधी मला उद्गारचिन्ह येत होतं असं आई म्हणते. "बंधूंनो आणि भगिनींनो" हे माझ्यासाठी अंगाईसारखं होतं. आणि त्या सगळ्या पिवळ्या-गुलाबी कागदांतून एकच गोष्ट माझ्या हाडात उतरली: चार जण ठरवतात ते संशयास्पद, चार हजार जण सांगतात ते खरं.

म्हणून मला तो नकाशा आवडला. सगळ्यांनी मिळून भरायचा, सगळ्यांना फुकट वापरायला मिळणारा नकाशा. कुणीही आपल्या गल्लीचं नाव टाकावं, हातपंप दाखवावा, बंद पडलेला दवाखाना पुसावा. कंपन्यांच्या नकाशात मॉल ठळक आणि वस्ती म्हणजे करडा डाग. इथे वस्तीतली मुलगीच वस्ती आखणार. मी कॉलेजात असताना आमचा दहा-बारा जणांचा गट जमला आणि दर शनिवारी आम्ही शहर भरू लागलो. पोलोग्राउंडच्या जुन्या कारखान्यांमागच्या गल्ल्या आम्ही आखल्या तेव्हा मी इतकी खूश होते की त्या रात्री बाबांना फोनवर नकाशा दाखवत बसले. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "छापील प्रत मिळेल का याची?"

ज्या वर्षाची मी गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी माझ्या डोक्यात एक जबरदस्त कल्पना आली. गेरला सगळं शहर चालतं ना? मग सगळ्या शहराने खिशातल्या फोनवर आपली वाट नोंदवत चालावं. माणूस जाईल तिथे फोन रेघ ओढतो. हजारो रेघा एकावर एक पडल्या की रस्ते आपोआप उमटतील. मी पत्रक लिहिलं. "इंदूरकरांनो, तुमचं शहर तुमच्या पायांनी आखा! फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नोंद चालू करा आणि नाचा!" बाबांनी एक उद्गारचिन्ह वाढवलं.

लोकांनी मनावर घेतलं. त्या दिवशी मी गुलालाच्या ढगात, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात पिशवीतला फोन, कानात पाणी, दातांखाली रंगाची खरखर अशी चालत होते आणि मनात म्हणत होते, ही खरी लोकशाही. मागे वळून पाहिलं तर गेरच्या शेपटाला झाडू घेतलेली माणसं रस्ता धूतही होती. संध्याकाळी रस्ते इतके स्वच्छ की दुपार झालीच नव्हती असं वाटावं. दुपारचा पुरावा फक्त आमच्या फोनमध्ये राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सोनालीने तो पुरावा उघडला.

सोनाली सांगलीची. विजय नगरच्या एका कंपनीत ती नकाशांची माहिती तपासते, पगारासाठी. शनिवारी आमच्यात यायची, जिवासाठी. तिला इंदूर आवडतं, आमची मराठी सोडून. "तुम्ही मराठी बोलता की मराठीला हिंदीचा टेकू देता?" असं ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती. मी म्हटलं होतं, "अपण दोन्ही बोलतो यार, तू एकच बोलते. गरीब कोण?"

त्या दिवशी तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हे बघ तुझं जनआंदोलन."

पडद्यावर राजवाड्याभोवती कुणीतरी लोकरीचा गुंडा सोडून दिल्यासारखं दिसत होतं. एक रेघ एकाच जागी फिरून फिरून घट्ट गाठ झाली होती.

"हा चौक आहे का?" सोनाली.

"हा नाच आहे," मी.

एक रेघ सराफ्याच्या दुकानांच्या भिंतींतून आरपार गेलेली, कारण ओला फोन आणि उंच इमारती यांच्यामध्ये सापडलेल्या सिग्नलला भिंत कळत नाही. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावर सगळे उलटे चालत गेले होते, म्हणून उत्साही मंडळींनी घरी जाऊन तो रस्ता दुहेरी करून टाकला होता. शहरातला सगळ्यात मोठा हमरस्ता गोगलगाईच्या वेगाचा ठरला होता. आणि एक रेघ गर्दीतून निघून थेट खजराण्याच्या गणपतीपर्यंत जाऊन थांबली होती, ती पहाटेपर्यंत तिथेच.

"हा कोण?"

"हा बंटी. ठंडाईत भांग होती. ऑटोवाल्याने देवळाशी उतरवलं."

सोनालीने डोकं धरलं. "अगं, इतकी माणसं, इतकी माहिती आणि इतकी वाईट! मी नोकरीत असं काही पाहिलेलं नाही."

"वाईट कशी? लोक खरंच तिथे होते."

"होते ना. पण मी माहिती तपासते तेव्हा साधे प्रश्न विचारते. जागच्या जागी आहे का? काही राहिलंय का? आजचं आहे का? आणि सगळ्यात शेवटी, कुणाच्या कामाला बरोबर आहे? नुसतं बरोबर असं काही नसतं."

"हे सरकारी वाक्य झालं," मी म्हणाले. "खऱ्याला अटी लावायच्या."

"बरं. मग एकेरी रस्त्यात उलटी घाल तुझी स्कूटी. लोकांचा निर्णय आहे."

आता हसू येतं. तेव्हा मी खरोखर चिडले होते. एकाने चुकावं हे मला समजत होतं. पण पुष्कळ जण एकाच वेळी, एकमेकांना न विचारता, तीच गोष्ट सांगतात आणि तरी ती तपासायला लागते? मग मतदान कशाला घेता? असं मी तिला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "मतदानाने आमदार ठरतो. पूल आहे की नाही, हे नाही ठरत."

या सगळ्या पसाऱ्यात एक रेघ गौरीने आखलेली होती.

गौरी अकरावीत. चाकांच्या खुर्चीत बसते, लहानपणापासून. जीभ तिखट. मला ती "कॉम्रेड दीदी" म्हणायची आणि सोनालीला "इन्स्पेक्टर". आमच्या गटात सगळ्यात जास्त नकाशा तिनेच भरला होता, घरी बसून, आकाशातून काढलेल्या चित्रांवर छपरं आणि गल्ल्या गिरवत. गेरला ती आली नव्हती. तिने आमच्या रेघा आल्या तशा बघितल्या आणि त्यांच्यावरून नवे रस्ते आखले. "तुम्ही नाचा, मी कारकुनी करते," असा तिचा निरोप होता.

तिचं कुटुंब त्याच जानेवारीत पोलोग्राउंडच्या कारखान्यांमागे एका गल्लीत राहायला आलं होतं, तळमजल्यावरचं घर मिळालं म्हणून. गल्लीचं तोंड मुख्य रस्त्याच्या उलट बाजूला. तिथून रस्त्यावर यायचं तर मोठा वळसा, आणि सुरुवातीलाच लोखंडी खांब ठोकलेले, म्हणजे मोठी गाडी आत नाही. आधी तिचे पप्पा तिला उचलून स्कूटरवर बसवायचे आणि शाळेत न्यायचे. नव्या घरी सामान लावून होतं न होतं तोच त्यांची बदली खंडव्याला झाली. आई बँकेत, तिची जा-ये गल्लीच्या तोंडानेच, आणि कंबर दुखरी. रिक्षात बसायचं तर उचलणारं कुणी हवं.

वार्षिक परीक्षा सोमवारी सुरू होत होती. शहरातली एक संस्था अशा मुलांसाठी उताराची फळी असलेली व्हॅन चालवते, घरापासून परीक्षेपर्यंत. त्यांचा नियम सरळ होता. व्हॅन मुख्य रस्त्यावर उभी राहणार, आणि व्हॅनचा फोन आला की खुर्ची घरापासून तिथवर थोड्या वेळात पोचली पाहिजे, कारण आत आणखी मुलं उन्हात बसलेली असतात. रस्ता ते आमच्याच नकाशावर बघत. शनिवारी संध्याकाळी यादी पक्की होणार होती. जुन्या नकाशाप्रमाणे गौरी यादीत बसत नव्हती. लांबचा वळसा.

आणि गेरच्या रेघांत तिला तिच्या गल्लीचं दुसरं टोक सापडलं. तिच्या घरापुढून तिच्या शेजारची पोरं, मोठी माणसं, कितीतरी जण मागच्या बाजूने निघून दोन कारखान्यांच्या भिंतींमधून थेट पोलोग्राउंडच्या मुख्य रस्त्यावर गेले होते आणि रंगून तसेच परत आले होते. रेघावर रेघ. एकही चुकलेली नाही. वरच्या चित्रात तिथे सावली होती, काही कळत नव्हतं. तिने शेजाऱ्यांना विचारलं तर सगळे म्हणाले, "हो ना, मागूनच निघतो आपण, दोन मिनिटांत रोड." गौरीने रस्ता आखला आणि मला फोन केला. "दीदी, अपना तो रोड निकल आया!"

सोनालीने गेरच्या नव्या रस्त्यांतले थोडे, डोळे मिटून बोट ठेवावं तसे निवडले आणि शनिवारी सकाळी आम्ही ते बघायला निघालो. गौरीचा रस्ता त्यात नव्हता. पण व्हॅनचा प्रश्न, म्हणून मी तो घ्यायला लावला. पोलोग्राउंडच्या रस्त्याने आम्ही आलो, दोन भिंतींमधून आत शिरलो, गौरीच्या गल्लीत पोचलो आणि तशाच परत फिरलो. वाटेत मी सांगत होते की शेवटी लोकच कसे बरोबर निघाले, आणि सोनाली कबूल करत होती की ही एक रेघ तरी चोख आहे. बाहेर रस्त्यावर उभं राहून तिने फोनमध्ये "तपासलं, बरोबर" असं टाकलं. मी गौरीला फोन केला, "आहे रस्ता. ये बघायला, आम्ही टोकाशी उभ्या आहोत."

ती आली. आधी चाकांचा आवाज, मग तिच्या आईचा, "अगं हळू, हळू!" कानामागे अजून गल्लीत खेळलेल्या पंचमीचा जांभळा रंग होता. भिंतींच्या मधे ती दिसली, हात वर केला, आणि थांबली.

आमच्या आणि तिच्या मधे पायऱ्या होत्या. चारेक असतील, घासून गुळगुळीत झालेल्या. आम्ही त्या नुकत्याच चढलो होतो आणि उतरलो होतो.

तेवढ्यात एक दूधवाला हातात कॅन घेऊन गौरीच्या बाजूने पुढे आला, टणाटण खाली उतरला आणि आम्हाला अडलेलं बघून मदतीच्या सुरात म्हणाला, "यहीं से निकल जाओ बेटा, सब यहीं से जाते हैं. रोड ही है."

गौरी आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग आमच्याकडे. "इन्स्पेक्टर," ती म्हणाली, "माझ्या रस्त्याला दात आहेत."

आणि हसायला लागली. तिची आई मात्र नाही हसली.

मी त्या पायऱ्यांचा पुष्कळ विचार केला आहे. शेजारी खोटं बोलले नव्हते. फोनही नाही. दोन भिंतींमधली ती जागा त्यांच्यासाठी रस्ताच होती. चालत्या पायाला चार पायऱ्या म्हणजे वाक्यातला स्वल्पविराम, आवाजसुद्धा न बदलता ओलांडला जाणारा. शंभर जणांनी एकच गोष्ट सांगितली, कारण शंभरही जण एकाच तऱ्हेने चालत होते. गर्दी जितकी मोठी तितकं सत्य मोठं, असं मी मानत आले होते. इथे गर्दी फक्त तेच ते पुन्हा सांगत होती. पंचाऐंशी पत्रकं एकाच मजकुराची छापली तर माहिती पंचाऐंशी पट होत नाही, हे पत्रकांच्या घरातल्या मुलीला तरी कळायला हवं होतं.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या क्षणी मी पेटले होते.

"रेघ पुसायची नाही," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत तर नाहीच. एकदा यादीत नाव आलं की बघू. फळी टाकू पायऱ्यांवर."

"आणि सोमवारी व्हॅन इथे येऊन उभी राहील," सोनाली म्हणाली. "बाकीची पोरं आत, पेपरची वेळ होतेय आणि ही वर. मग?"

"मग आपण उचलू तिला!"

"मला विचारलं का?" गौरी म्हणाली. "मी काय गॅसचं सिलेंडर आहे?"

"गौरी, हक्काची गोष्ट आहे ही. नकाशा लोकांचा आहे, लोकांच्या कामाला नको यायला?"

तिची आई, ज्यांना मी काकू म्हणत असे, इतका वेळ भिंतीला टेकून दम घेत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "फळी किती खडी होईल बघितलंस का, बेटा? त्या फळीवरून तिला धरून उतरवायचं कुणी, मी? तिचा पेपर बुडेल तो बुडेल, आम्ही दोघी पडलो तर?"

मी वाकून पायऱ्यांची उंची वितीने मोजली.

गौरीने मांडीवरचा फोन उचलला. "रेघ मी काढली ना? मग मीच पुसते." दोनदा अंगठा टेकवला. "गेली. आता मी यादीच्या बाहेर. खूश?" हे खूश कुणाला विचारलं, कळलं नाही. सोनालीने मान खाली घातली. खरं बोलायला लावणारा माणूससुद्धा कधीकधी किती एकटा दिसतो, ते मी तेव्हा बघितलं.

आम्ही दोघी पायऱ्या चढून वर गेलो, तिला घरी पोचवायला. गल्लीत एक घर नव्याने बांधलं जात होतं आणि त्याच्यासमोर एक हातगाडी उभी होती, खिडकीच्या जड लोखंडी जाळ्यांनी लादलेली. गाडीवाला घाम पुसत होता. गौरीने खुर्चीची चाकं धरून थांबवली.

"दीदी, ही गाडी कुठून आली?"

"रस्त्यावरून, अजून कुठून?"

"पुढे खांब आहेत, ही त्यातून मावणार नाही. मागे पायऱ्या आहेत. मग? उडून आली?" आणि त्याला, "भिया, ये गाड़ी अंदर कैसे लाए?"

"कारखाने में से," तो हनुवटीने दाखवत म्हणाला. "राठौरजी के यहाँ से सीधी चढ़ जाती है."

भिंतीत एक पत्र्याचं फाटक होतं. त्याच्यापुढून गौरी जानेवारीपासून कितीदा गेली असेल. फाटक पत्र्याचं, भिंत पत्र्याच्या रंगाची. ते लोटलं आणि आत वेल्डिंगच्या ठिणग्या, तापलेल्या लोखंडाचा आंबूस वास, तेलाने काळी झालेली जमीन. आणि ती जमीन फाटकापासून थेट पलीकडच्या मोठ्या दरवाज्यापर्यंत सपाट, शेवटी रस्त्याशी सिमेंटचा एक रुंद उतार, कारण इथे माल चाकांवरून हलतो. कामगारांच्या कानांत, नखांत अजून पंचमी होती. मालक राठौरजींच्या मिशा अर्ध्या गुलाबी.

आमच्या हातातले फोन बघून त्यांनी आधी हिशेबाची वही बंद केली. "कौन-सा सर्वे है? टैक्स वाला?"

"नक्शे वाला," गौरी म्हणाली.

"नक्शे में मेरा कारखाना मत डालना भिया. कल से सारे स्कूटर मेरी भट्टी के बगल से निकलेंगे."

त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्या शहरात दोन मिनिटं वाचत असतील तर माणूस लग्नाच्या मांडवातूनही गाडी काढतो. सोनाली पुढे झाली. तिच्या सांगलीच्या हिंदीत तिने समजावलं की नकाशावर जागा खाजगी आहे असं लिहिता येतं, मालकाच्या परवानगीने आणि फक्त पायी किंवा खुर्चीने, असंही. मग स्कूटरवाल्यांना हा रस्ता कोणी सुचवणार नाही. राठौरजींनी तिचं बोलणं ऐकलं, गौरीकडे बघितलं.

"पेपर कब है?"

"सोमवार से."

"किसका?"

"पहला हिंदी."

"हिंदी का तो वैसे भी क्या पढ़ना," ते म्हणाले, आणि आत आवाज दिला, "अरे, सोमवार से ये पाइप बीच में मत रखना! बिटिया निकलेगी." मग आमच्याकडे वळून, बोट उगारून, "बिटिया के लिए खुला. बाकी सबके लिए बंद. ऐसा लिखो."

"एकदम ऐसाच लिहिते," सोनाली म्हणाली. सांगलीची सोनाली! मी तिला ते अजून ऐकवते.

आता आमच्या गटात तपासणीला निघताना कुणी ना कुणी चाकं घेऊन निघतं. गौरीची खुर्ची, कुणाच्या बाळाची ढकलगाडी, एकदा तर भाजीवाल्याचा ठेला. चाकांना पायऱ्या दिसतात, गटारावरची फट दिसते, दुकानदाराने पुढे ओढलेला ओटा दिसतो. एकाच गल्लीतून दहा सारखी माणसं गेली की मी त्याला एकच साक्ष धरते, आणि अकरावं, निराळ्या तऱ्हेने चालणारं कोण राहिलं ते शोधते. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी लोकांवरचा विश्वास सोडला. मी म्हटलं, बाबा, उलट आहे. आधी मी गर्दी मोजत होते, आता लोक मोजते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, हे पत्रकावर चांगलं दिसेल. माझा राग गेलेला नाही. त्या पायऱ्यांवर उतार बांधायला हवा म्हणून मी अजून अर्ज करते आहे, आणि कुणा कारखानदाराच्या चांगुलपणावर एका मुलीची परीक्षा अवलंबून राहावी हे मला आजही मान्य नाही. पण अर्जाला आता आम्ही जोडतो तो नकाशा असा आहे की त्यातल्या एका रेघेवरही कुणाला बोट ठेवता येणार नाही. खऱ्या माहितीने भांडायला केवढी मजा येते, ती मला आधी माहीत नव्हती.

सोमवारी व्हॅन आली, राठौरजींच्या मोठ्या दरवाज्यापुढे उभी राहिली, आणि वेल्डिंगवाल्यांनी ठिणग्या थांबवून वाट दिली, एवढं आमच्या गटात सगळ्यांना माहीत आहे. मला आठवते ती शनिवारची दुपार. यादी पक्की व्हायला थोडा वेळ उरला होता. कारखान्याच्या उतारावर, ऊन चुकवून, गौरी खुर्चीत बसली होती, काकू एका पाइपच्या ढिगावर, हातात राठौरजींनी मागवलेला चहा. गौरीने पत्र्याच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत रेघ ओढली. खाजगी. परवानगीने. खुर्चीने जाता येतं. सोनाली खांद्यावरून बघत होती आणि एकदाही तिने टोकलं नाही.

रेघ साठवण्याआधी नकाशा एक प्रश्न विचारतो, प्रत्येकाला, प्रत्येक वेळी: हे तुम्हाला कशावरून कळलं? गौरीचा अंगठा सवयीने "आकाशातल्या चित्रावरून" कडे गेला. तिने आजवर शहराच्या शेकडो गल्ल्या भरल्या होत्या, प्रत्येकीपुढे तिने तेच लिहिलं होतं. अंगठा मधेच थांबला. तिने आपल्या तळहातांकडे पाहिलं. चाकांवरून आलेला लोखंडाचा काळा भुगा त्यांना लागला होता. तो तिने ओढणीला पुसला आणि रिकाम्या चौकटीत एकेक अक्षर सावकाश टाइप केलं.

"स्वतः जाऊन पाहिलं."